‘शॅल’ आणि ‘मे’ : कायद्याच्या भाषेतील भेद

इंग्रजी कायद्याचा अर्थ लावताना ‘शॅल’ व ‘मे’ या सहायक क्रियापदांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. ‘शॅल’ हे सामान्यतः बंधन दर्शविते, तर ‘मे’ हे मुभा अथवा अधिकार. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-ख मध्ये ग्राम, मध्यम व जिल्हा या स्तरांवरील पंचायतींसाठी ‘शॅल’ योजिले आहे. म्हणजे त्या स्थापिल्याच पाहिजेत. वीस लाखांहून अधिक लोकसंख्या नसलेल्या राज्यांतील मध्यम स्तराविषयी मात्र ‘मे नॉट’ असे शब्द आहेत.

येथे गल्लत होण्याचा संभव असतो. ‘यू मे नॉट एंटर’ या वाक्यात मनाई आहे : आत येऊ नये. उपरोक्त अनुच्छेदात सवलत आहे : मध्यम स्तरावरील पंचायती न स्थापिल्या तरी चालेल. गोव्यात यानुसार ग्रामपंचायत व जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत.

सवलतीस मनाई मानल्यास राज्याचा अधिकार बुडतो. बंधनास मुभा मानल्यास ग्रामस्थांचा हक्क बुडतो. यास्तव संपूर्ण कलम वाचूनच ‘करू नये’ अथवा ‘न केले तरी चालेल’ यांपैकी योग्य रूप योजावे.