धुळवडीचा सामना आणि भरतीची वेळ

फाल्गुन लागला की मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या मैदानांवर रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींना अलिबागचे वेध लागतात. ऊन अजून सोसवते, होळीला जोडून सुट्टी मिळते. पहाटे ऐरोलीच्या पुलावरून निघाले की पेण, वडखळ, पोयनाड करत न्याहारीला आक्षी-नागावात पोहोचता येते. आमचाही गट असाच जातो. त्यातल्या एका धुळवडीला जे घडले, ते किनाऱ्यावर खेळायला जाणाऱ्या प्रत्येक गटाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

सकाळी समुद्र पार मागे गेला होता. ओली वाळू सिमेंटच्या पिचसारखी घट्ट होती. रिसॉर्टवर विचारले तर ‘आता संध्याकाळपर्यंत पाणी येत नाही’ असे छातीठोक उत्तर मिळाले. त्या भरवशावर पाण्याच्या बाजूला स्टंप रोवले गेले आणि एक गाडीही वाळूवर उतरली. दहाच्या सुमारास बोलर धावत आला की त्याच्या टाचेच्या खड्ड्यात लगेच पाणी साचू लागले. लाँग ऑनला गटातल्या एकाचा कॉलेजात जाणारा मुलगा उभा होता. त्याच्या पायाखालची वाळू कोरडीच होती, कारण तो उंचवट्यावर होता. पण त्याच्या आणि आमच्यामध्ये वाळूची एक सखल पट्टी होती आणि समुद्र आधी तिथे शिरला. त्याने मागे वळून पाहिले तेव्हा मध्ये गढूळ, ओढ असलेले पाणी होते. तो सरळ आमच्याकडे निघाला आणि दोन पावलांत कमरेपर्यंत बुडाला. तेवढ्यात एक घोडागाडीवाले काका ओरडले, “ए पोरा, सरळ नको येऊ, वरच्या अंगानं ये! आज उधाण हाय!” चर कुठे उथळ आहे हे त्यांना माहीत होते, म्हणून पोरगा छातीपर्यंत भिजून का होईना, बाहेर आला. गाडीची चाके तोवर रुतली होती. ती ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत खारे पाणी दारांना लागले होते.

काकांच्या तोंडचा ‘उधाण’ हा शब्द नीट समजून घ्या. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती सर्वात उंच चढते आणि ओहोटी सर्वात दूर जाते. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर अशा दिवशी पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि तोही साधारण सहा तासांत. त्यातही मधल्या दोन तासांत पाणी सर्वाधिक वेगाने चढते. मार्चमध्ये विषुवदिन जवळ असल्याने उधाण आणखी जोर धरते.

आता आपल्या सुट्ट्या पाहा. होळी फाल्गुन पौर्णिमेची, धुळवड तिच्या दुसऱ्या दिवशी. महाशिवरात्र अमावास्येच्या आदल्या दिवशी, गुढीपाडवा अमावास्येच्या पाठोपाठ. उपनगरातली माणसे ज्या तीन सुट्ट्यांना किनाऱ्यावर लोटतात, त्या तिन्ही उधाणातल्याच असतात. सकाळी दिसणारे विस्तीर्ण मैदान ही त्या उधाणाचीच खूण.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि बाराला ओहोटी. धुळवडीच्या प्रतिपदेला भरती येते दुपारी पाऊणच्या सुमारास. म्हणजे न्याहारी करून खेळायला उतरलेला गट नेमका चढत्या पाण्यात असतो. हा अंदाज झाला. नेमकी वेळ त्या ठिकाणच्या भरतीच्या तक्त्यात पाहावी आणि कोळी बांधवांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारून खात्री करावी. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पाऊलच टाकू नये. पाणी चढले की किल्ल्याची वाट बुडते आणि पुढच्या ओहोटीपर्यंत आत अडकून पडावे लागते.

खेळायचेच असेल तर सुरूच्या बाजूला, भरतीच्या कचऱ्याची रेघ जिथे दिसते तिच्या वर खेळा. फटके जमिनीकडे जातील असे स्टंप लावा. समुद्रात गेलेला चेंडू गेला असे समजा. गाडी वाळूवर नेऊच नका. आणि दारू प्यालेला माणूस पाण्यात जाणार नाही, हे गटातल्या थोरल्याने आधीच ठणकावून सांगावे. तिथे भीड उपयोगाची नाही.

तारीख हातात असेल तर अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडा, तेव्हा भरती-ओहोटीचा फरक कमी असतो. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस पौर्णिमा-अमावास्येचा नव्हता, अष्टमीच्या आसपासचा होता. दुपारी पाणी चढत होते, एवढे पुरेसे ठरले.

पुढच्या सहलीची तारीख गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकाल, तेव्हा तिच्याखालीच त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळही टाका, आणि मैदानावर उतरण्याआधी ती प्रत्येकाला वाचायला लावा.