अकिलीस की दिल्ली, आधी ते ठरव

चि. ओंकार यास,


तुला एअरफिक्सचं १/६०० प्रमाणातलं ‘एजॅक्स’ या युद्धनौकेचं प्लॅस्टिक किट मिळालं आणि त्यातून आपल्या नौदलाची ‘दिल्ली’ करायचं तुझ्या मनात आहे, असं ताईकडून कळलं. कल्पना फार चांगली आहे. एजॅक्स आणि दिल्ली एकाच घराण्यातल्या. ब्रिटिश नौदलाच्या ‘लिअँडर’ वर्गातली ‘अकिलीस’ ही क्रूझर १९३२ साली बर्कनहेडला पाण्यात उतरली, एजॅक्स १९३४ साली बॅरोला. तीच अकिलीस १९४८ मध्ये भारतानं घेतली आणि तिचं नाव दिल्ली झालं. तेव्हा साचा बहिणीचा असला, तरी परका नाही.

मात्र पहिला भाग स्प्रूवरून, म्हणजे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, कापण्याआधी एक तारीख ठरव. युद्धनौका चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकाच रूपात कधीच राहत नाही, आणि या जहाजानं तर फारच रूपं बदलली.

१३ डिसेंबर १९३९ची अकिलीस बघ. दक्षिण अटलांटिकमध्ये ला प्लाता नदीच्या मुखाबाहेर एजॅक्स, एक्झिटर आणि अकिलीस या तिघींनी जर्मनीच्या ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ला गाठलं. जर्मन जहाजावर अकरा इंची सहा तोफा होत्या. अकिलीसकडे सहा इंची आठच, दोन-दोनच्या चार बुरुजांत. खलाशांपैकी निम्म्याहून जास्त न्यूझीलंडचे होते. गोळ्याच्या ठिकऱ्यांनी तिच्या नेमनियंत्रण मनोऱ्यातले चार जण मारले गेले, तरी तिनं गोळीबार सोडला नाही. ग्राफ श्पे मॉंटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ डिसेंबरला तिच्याच कप्तानानं तिला बंदराबाहेर नेऊन बुडवलं. एजॅक्सच्या किटमधले चार बुरूज आणि एकच रुंद धुराडं या रूपाला जुळतात.

जानेवारी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी बॉम्ब अकिलीसच्या तिसऱ्या बुरुजावर, म्हणजे मागच्या दोहोंतल्या उंच बुरुजावर पडला. दुरुस्ती पोर्ट्समथला झाली. तो बुरूज परत बसवला नाही. विमानविरोधी तोफा वाढवल्या आणि एकखांबी डोलकाठ्यांच्या जागी तिपाई डोलकाठ्या आल्या. भारताला मिळालं ते हे रूप. सहा इंची तोफा आता सहाच. योगायोग असा, की ला प्लाताच्या लढाईत अकिलीसचे कप्तान असलेले एडवर्ड पॅरीच १९४८ पासून भारतीय नौदलाचे प्रमुख होते. पुढे १९५६ मध्ये त्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात अकिलीसची भूमिका दिल्लीनंच केली, म्हणून १९३९च्या प्रसंगात पडद्यावर तिपाई डोलकाठ्या दिसतात. तो चित्रपट जरूर बघ, पण मापासाठी त्याच्यावर विसंबू नकोस.

मामाचं मत विचारशील तर डिसेंबर १९६१ची दिल्ली कर. गोवामुक्तीच्या कारवाईत दीवच्या बाजूला हीच नौका होती आणि तिच्या तोफा तिथे धडाडल्या. पण १९७८ साली मुंबईत सेवानिवृत्त होऊन ती भंगारात गेल्यामुळे आज जाऊन बघायला काही उरलेलं नाही. तिचा एक बुरूज तेवढा न्यूझीलंडला भेट गेला आणि ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर उभा आहे. म्हणून जुने फोटो आधी जमव. बाजूनं, तिरकस आणि मागून घेतलेला असे किमान तीन हवेत, आणि प्रत्येकावर साल लिहिलेलं हवं. सालाशिवायचा फोटो सुंदर असला तरी बाजूला ठेव. जिथे फोटो काही सांगत नाही, तिथे हौसेनं काही जोडू नकोस.

आता प्रमाणाचा हिशोब. खरं जहाज सुमारे १६९ मीटर लांब, म्हणजे तुझ्या टेबलावर २८ सेंटिमीटर. माणूस तीन मिलिमीटरपेक्षा जरा कमी. अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या जहाजाच्या डेकवर एक फुटाची भेग पडल्यासारखं होईल. कठड्याच्या सळ्यांचंही तेच. प्लॅस्टिकचा जाड कठडा लावण्यापेक्षा पितळी पत्र्यातून कोरलेला तयार कठडा घे; तो जमणार नसेल, तर पहिल्या मॉडेलला कठडा नसला तरी चालेल. जाड कठड्यानं सगळं जहाज खेळण्यातलं वाटू लागतं.

भाग हातानं पिरगाळून तोडू नकोस. कटरनं थोडं अंतर ठेवून काप, उरलेला खुंट फाईलनं आणि मग बारीक पॉलिश पेपरनं घास. ग्लू लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडा बसवून बघायचा. साठच्या दशकातला साचा आहे, हलचे, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाचे, दोन अर्धे आणि डेक एकमेकांशी सहज जुळतील असं धरून चालू नकोस. पातळ ग्लू ब्रशनं सांध्यावर टेकवला की आपोआप आत ओढला जातो आणि प्लॅस्टिकच वितळून एकजीव होतं, म्हणून थेंब कमीच हवा. खिडकी उघडी ठेव. हल रात्रभर रबरबँड लावून सुकू दे, मग फटीत लांबी भर आणि घास. हे काम कंटाळवाणं आहे, पण मॉडेलचा चेहरा इथेच ठरतो. तोफांच्या नाजूक नळ्या मात्र सगळ्यात शेवटी बसव.

तिसरा बुरूज बसवायचा नाही. त्याची जागा प्लॅस्टिक शीटनं सपाट करून घे, आणि त्या भागातल्या लहान तोफा फोटो बघून उरलेल्या तुकड्यांतून घडव. तिपाई डोलकाठ्यांना पितळी तार उत्तम, ती सहज वाकत नाही. दोरखंडांसाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की ओढायचा; केसाहून बारीक धागा निघतो. त्या वेळी बाबांना शेजारी बसव.

रंग द्यायचा तो करडाच, पण डबीतला जसाच्या तसा नको. एवढ्या लहान मॉडेलवर तो गडद दिसतो, म्हणून थोडा पांढरा मिसळ. पातळ करून दोन हात दे; एका जाड हातात बारकावे बुजतात. सुकल्यावर अगदी पातळ काळपट रंग सांध्यांत सोड आणि लगेच टिपून घे.

राहिला ध्वज. १९६१ सालच्या भारतीय नौदलाच्या पांढऱ्या ध्वजावर लाल क्रॉस होता आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. तो टिश्यू पेपरवर रंगव, चिमट्यानं हलकी चुणी पाड आणि मागच्या काठीला लाव. फोटो जमले की आधी मामाला पाठव, डोलकाठ्यांची उंची आपण दोघं बसून मोजू.

तुझा,
मामा