द्राक्षबागेतला ट्रॅक्टर आणि दुमडलेला रोल बार

ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेत ट्रॅक्टरच्या फेऱ्या एकदम वाढतात. कोंब फुटल्यापासून मणी धरेपर्यंत डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारणीचा ब्लोअर जवळजवळ रोज बाहेर निघतो. परतीचा पाऊस लांबला तर दिवसातून दोनदाही फवारावे लागते. याच दिवसांत बांध ओले असतात, चारीच्या कडा ढासळलेल्या असतात आणि मांडवाखाली शिरता यावे म्हणून ट्रॅक्टरचा रोल बार दुमडून ठेवलेला असतो. ट्रॅक्टर उलटून चालक दगावण्याचा धोका या तीन गोष्टी एकत्र आल्याने वाढतो, आणि त्यांतली तिसरी पूर्णपणे माणसाच्या हातात आहे.

रोल बार म्हणजे सीटमागे, काही अरुंद ट्रॅक्टरांवर सीटपुढे, बोल्टने घट्ट जखडलेली पोलादी कमान. ट्रॅक्टर कलंडला की ही कमान आधी जमिनीला टेकते, त्याला पूर्ण पालथा होऊ देत नाही आणि चालकाभोवती थोडी जागा राखून ठेवते. चालक त्या जागेबाहेर फेकला जाऊ नये यासाठी सीट बेल्ट असतो. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. बार आणि बेल्ट दोन्ही वापरले तर हे संरक्षण ९९ टक्के परिणामकारक ठरते, असे अमेरिकेत मानले जाते. आपल्याकडे शेतात चालणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांवर बारच नाही. बागेसाठीच्या ज्या लहान ट्रॅक्टरांवर तो आहे, तिथे तो दुमडता येणारा असतो.

दुमडत्या बारचा मोठा अनुभव इटलीचा. तिथल्या उतारावरच्या द्राक्ष आणि ऑलिव्हच्या बागांत अरुंद ट्रॅक्टर चालतात. ट्रॅक्टरला बार होता, पण अपघाताच्या वेळी तो खाली होता, अशा घटना तिथे वारंवार नोंदल्या गेल्या. चालकांना धोका ठाऊक नव्हता असे नाही. बार वर करणे जिकिरीचे होते, म्हणून तो खालीच राहत होता. या गैरवापराला केवळ निष्काळजीपणा म्हणून चालणार नाही, कारण त्याचे मूळ बऱ्याच अंशी रचनेत आहे.

बार वर करायचा तर ट्रॅक्टर थांबवून खाली उतरावे लागते. मागे चढायला नीट पायरी नसते आणि तिथे ब्लोअर किंवा रोटाव्हेटर आडवा येतो. बारचे वजन बऱ्यापैकी असते आणि बिजागर अशा उंचीवर असते की हात वर ताणूनच तो उचलावा लागतो. त्यात दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत आली तरच पिन बसते. औषधाच्या तुषारांनी गंजलेली पिन हातोडीशिवाय निघत नाही. एकट्या चालकाला हे प्रत्येक ओळीच्या टोकाला करायला सांगणे म्हणजे ते होणार नाही हे धरूनच चालणे. बिजागर सैल झालेले असेल तर उभा बार खडखडतो, म्हणूनही तो खाली पाडला जातो. एकदा खाली गेलेला बार मग संबंध हंगाम तसाच राहतो. अपघाताची जागा बहुधा मांडव नसतो. बांधाची कड, ओढ्याचा उतार किंवा घरी परतीचा रस्ता, म्हणजे जिथे बार उभा ठेवायला काहीच अडचण नव्हती अशा जागी ट्रॅक्टर उलटतो.

सुधारणाही रचनेतूनच आल्या. बारचा भार पेलणारे गॅस स्प्रिंग बसवले की तो एका हाताने उचलता येतो. जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल अशी मूठ आणि आपोआप अडकणारी कडी असेल तर काम काही क्षणांचे होते. ट्रॅक्टर कलंडू लागताच स्वतःहून वर उघडणारा बारही अमेरिकेत विकसित झाला. सध्याच्या ट्रॅक्टरवर यातले काही नसले तरी बिजागराला ग्रीस, पिनांना तेल आणि झिजलेल्या बुशांची बदली एवढ्यानेही फरक पडतो. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम एकदा आणि पुढे दर आठवड्याला व्हावे.

बेल्टचा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. बार उभा आणि पिनांनी पक्का असेल तर बेल्ट लावलाच पाहिजे. बार दुमडलेला असेल तर बेल्ट लावू नये, कारण तेव्हा चालकाभोवती सुरक्षित जागाच उरत नाही आणि बेल्ट त्याला उलटत्या ट्रॅक्टरलाच बांधून ठेवतो.

बागेची आखणीही इथे महत्त्वाची ठरते. साधारण दोन मीटर उंचीच्या सपाट मांडवाखाली बार उभा ठेवून जाता येत नाही. वाय पद्धतीत दोन ओळींच्या मध्ये मोकळी पट्टी राहते. तिथे बार उभा ठेवून ट्रॅक्टर जातो का, हे मोजून पाहावे. नव्या बागेत ओळीच्या टोकाला वळायला ऐसपैस आणि सपाट जागा सोडली तर बांधावर चाक चढत नाही. मांडवाबाहेर पडण्याच्या जागी एक ठरलेला थांबा असावा. बार उभा केल्याशिवाय ट्रॅक्टर त्यापुढे न नेण्याची शिस्त मालकाने स्वतः पाळली, तरच मजुरीवरचा चालक ती पाळेल.

उलटण्याचा धोका ट्रॅक्टर कसा चालवला जातो यावरही ठरतो. ब्लोअरची ६०० लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचे वजन ६०० किलो होते. अर्धी टाकी तर वळणावर हिंदकळून तोल आणखी बिघडवते. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडलेली असावीत. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून कलंडतो. चिखलात रुतलेला ब्लोअर ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी कधीही अडकवू नये. ओढ मागच्या आसाच्या वर लागली की पुढची चाके उचलतात आणि दीडेक सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे पालथा होतो. तेवढ्या वेळात उडी मारता येत नाही. साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावावी आणि ओढताना क्लच हळू सोडावा.

उन्हासाठी लावलेले हूड म्हणजे रोल बार नव्हे. ट्रॅक्टरचे वजन ते पेलू शकत नाही. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाइप वाकवून केलेली कमानही भरवशाची नाही. चाचणी झालेला बार ठरावीक प्रमाणात वाकून धक्का पचवतो, तर घरगुती कमान सांध्यात तुटते. मूळ बारला भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा त्याला साखळी बांधून ओढणे यामुळे त्याची ताकद जाते. एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरचा बार सरळ दिसत असला तरी तो बदलून नवा बसवावा. ट्रॅक्टर विकत घेताना किंमत ठरवण्याआधी, रोज तो चालवणाऱ्या माणसाला बार एकट्याने दुमडून पुन्हा उभा करायला लावावा. त्याला दुसऱ्याची मदत किंवा हातोडी लागली, तर तो बार शेतात उभा राहणार नाही असे समजून दुसरे मॉडेल पाहावे.