कर्करोगाच्या उपचारकाळातील पोषण-नळी : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा विदर्भाच्या अंगवळणी पडला आहे, आणि त्याचे फळ म्हणून मुख, जिव्हा, गाल व घसा यांच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्या चिकित्सालयात वारंवार येतात. बडनेरा व वर्धा यांच्या साधारण मध्यावर असलेल्या धामणगाव रेल्वेसारख्या गावातील रुग्ण उपचारासाठी सेवाग्राम, सावंगी मेघे किंवा नागपूर गाठतो. शस्त्रकर्म होते, किरणोपचार सुरू होतात आणि एके दिवशी तो नाकात नळी घेऊन घरी परततो. रुग्णालयातील परिचारिकेने नातेवाइकांना कृती दाखविलेली असते. परंतु घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो गावातील वैद्याला आणि औषधाच्या दुकानात : “यातून काढा दिला तर चालेल ना? चूर्ण पाण्यात कालवून घालू का?” या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर कित्येकदा पुढील उपचाराची दिशा ठरते.

प्रथम शब्दाविषयी. ‘अन्ननलिका’ हा शब्द शरीरातील अवयवाचा असल्याने या लेखात ‘पोषण-नळी’ असे म्हटले आहे. नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी सर्वत्र ‘राइल्स ट्यूब’ म्हणून ओळखली जाते. इंग्लंडमधील वैद्यकतज्ज्ञ जॉन राइल यांनी 1921 मध्ये तिचे वर्णन केले. नळीची गरज अनेक आठवडे राहणार असेल, तर पोटाच्या त्वचेतून थेट जठरात नळी बसवितात. दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसविण्याची, ‘पेग’ नावाची पद्धत 1980 मध्ये प्रसिद्ध झाली.

नळी घातली म्हणजे आता आशा संपली, असा समज खेड्यापाड्यांत दृढ आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. मुखाच्या कर्करोगात किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुखपाक होतो. रुग्णाला भूक असते, पण घोट उतरत नाही. वजन झपाट्याने घटते आणि रुग्ण इतका क्षीण होतो की उपचारात खंड पाडावा लागतो. हा खंड अर्बुदाच्या पथ्यावर पडतो, कारण उरलेल्या पेशींना वाढण्यास अवधी मिळतो. नळी हा खंड टाळण्यासाठी असते, म्हणजे ती उपचाराचाच भाग आहे. “नळी काढून टाका, थोडे थोडे तोंडाने घालू” हा शेजाऱ्यांचा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी रुग्णाला महागात पडतो. अशा वेळी वैद्याने कुटुंबाला नळीचे हे प्रयोजन समजावून सांगितले, तर त्या शब्दाचे वजन मोठे असते.

आता आपल्या औषधांचा विचार. प्रौढांसाठी बहुधा 14 किंवा 16 फ्रेंच मापाची नळी वापरतात. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे नळीचा बाह्य व्यास सुमारे 4.7 ते 5.3 मिलिमीटर, आणि आतील पोकळी त्याहूनही अरुंद. या पोकळीतून अश्वगंधा, शतावरी किंवा त्रिफळा यांचे चूर्ण कितीही वस्त्रगाळ केले तरी पाणी शोषून फुगते आणि साचते. इसबगोल तर कदापि देऊ नये. गुग्गुळ-कल्प चिकटतात, अवलेह कडेला धरतो, भस्म तळाशी बसते. घृत कोमट असताना सहज उतरते, मात्र थंडीच्या दिवसांत नळीतच थिजते. दोनदा गाळलेला पातळ क्वाथ भौतिकदृष्ट्या उतरतो, हे खरे. परंतु नळीतून उतरणे आणि शरीराला चालणे या भिन्न गोष्टी आहेत. सिसप्लॅटिनसारखे औषध सुरू असताना वृक्कांवर आधीच ताण असतो. त्यात रसौषधींची भर घालणे प्रस्तुत लेखकास सर्वथा अनुचित वाटते. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, आणि या रुग्णांना मेट्रोनिडॅझोल अनेकदा दिलेले असते. तेव्हा तो संयोग टाळावा. कोणतेही औषध द्यावयाचे झाल्यास रुग्णालयाच्या कागदावर त्याची नोंद हवी व तेथील तज्ज्ञास ते ठाऊक हवे. ओघात सांगावयाचे तर, कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाने निषिद्ध आहे. दुकानाच्या काचेवरील भित्तिपत्रके लावताना याचे भान असावे.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी याहून कमी नाही. नळीसाठी गोळ्या कुटून देण्याची विनंती नेहमीच होते. मॉर्फिनची संथगतीने विरघळणारी गोळी कुटली, तर अनेक तासांची मात्रा एकदम शरीरात जाऊन श्वास मंदावतो. हा प्राणघातक प्रकार आहे. पॅन्टोप्राझोलसारख्या, आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटल्यास निरुपयोगी होतात. सुक्राल्फेटचा प्रथिनयुक्त आहाराशी संयोग होऊन घट्ट गोळा बनू शकतो. मेथोट्रेक्झेटसारख्या कर्करोगावरील गोळ्या घरी कुटूच नयेत. त्यांची धूळ कुटणाऱ्याच्या श्वासात जाते, आणि कुटणारी बहुधा घरातील सून किंवा मुलगी असते. शक्य तेथे द्रवरूप औषध सुचवावे आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी करून बदल करून घ्यावा. प्रत्येक औषध स्वतंत्रपणे द्यावे व मध्ये पाणी सोडावे. 50 मिलिलिटरची पिचकारी दुकानात सदैव ठेवावी. लहान गावात तीच मिळत नाही आणि नातेवाईक हैराण होतात.

आहाराबाबत सर्वाधिक घात होतो तो ‘डाळीच्या पाण्या’ने. नळी तुंबेल या भीतीने घरचे लोक वरण गाळतात, चोथा टाकतात आणि वरचे पिवळे पाणी देतात. पोट भरते, रुग्ण मात्र उपाशी राहतो. दररोज प्रतिकिलो वजनामागे साधारण 25 ते 30 किलोकॅलरी ऊर्जा व 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. 50 किलो वजनाच्या माणसाला हे प्रमाण 1250 ते 1500 किलोकॅलरी व 50 ते 75 ग्रॅम प्रथिने इतके होते. म्हशीचे एक लिटर दूध सुमारे 1000 किलोकॅलरी व 40 ग्रॅम प्रथिने देते. त्याला 60 ग्रॅम मुगाच्या डाळीचे शिजवून, वाटून, मग गाळलेले यूष, सहा चमचे साखर व चार चमचे तेल यांची दिवसभरात जोड दिली, तर गरज बहुतांशी भागते. मधुमेह असल्यास साखरेचा हिशेब वेगळा. दुधाने अतिसार होत असल्यास ताक व अंडे यांचा विचार आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने करावा. आंबट फळांचा रस दुधासोबत देऊ नये, कारण दूध नळीतच फाटते.

पेज दाट केली तर उतरत नाही आणि पातळ केली तर सत्त्व राहत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. मोड आणून वाळविलेल्या गव्हाचे चमचाभर पीठ शिजलेल्या गरम पेजेत ढवळले की काही मिनिटांत ती पातळ होते, कारण मोडातील पाचक द्रव्य पिष्टाचे विघटन करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी बालकांच्या आहारासाठी या तत्त्वाचा अभ्यास केला होता. नंतर पेज पुन्हा एक उकळी आणून, गाळून, कोमट करून द्यावी. मोडाच्या ज्वारीत मात्र विषारी द्रव्य निर्माण होत असल्याने तिचे पीठ येथे वापरू नये.

अनेक दिवस लंघन घडलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार देणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम एकाएकी घटून हृदयावर परिणाम होतो. पेया, विलेपी, यूष असा संसर्जन क्रम आपल्या परिचयाचा आहेच. अग्नीला हळूहळू प्रज्वलित करण्याची ही दृष्टी येथे अक्षरशः लागू पडते. तथापि अशा रुग्णाचा प्रारंभीचा आहार रक्ततपासणीसह रुग्णालयातच वाढवावा.

आहार देताना रुग्णाचे डोके 30 ते 45 अंश उचललेले असावे आणि नंतरही अर्धा-एक तास तसेच ठेवावे. एका वेळी 200 ते 300 मिलिलिटर आहार, दर दोन-तीन तासांनी. त्यापूर्वी व त्यानंतर 30 मिलिलिटर उकळून निवविलेले पाणी. नाकाजवळ नळीवर केलेली खूण दर वेळी पाहावी. ती सरकली असेल, खोकला आला किंवा श्वास लागला, तर काहीही न देता रुग्णालयाशी संपर्क साधावा. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची रूढ परीक्षा विश्वसनीय नाही. नळी तुंबल्यास कोमट पाण्याने हलक्या हाताने आत-बाहेर दाब द्यावा. तार किंवा सळई घालू नये. नळी निघून आल्यास वैद्याने चिकित्सालयात ती पुन्हा घालण्याचे धाडस करू नये, विशेषतः घशात ताजे टाके असताना. पोटातील नळी निघाल्यास त्या छिद्राचा मार्ग काही तासांतच आकुंचन पावतो, म्हणून सकाळची गाडी येईपर्यंत थांबू नये. रात्रीच निघावे.

मुखाकडे दुर्लक्ष होणे ही आणखी एक नित्याची गोष्ट. अन्न तोंडातून जात नसले तरी मुखशुद्धी दिवसातून चार-सहा वेळा व्हावयास हवी, कारण बोधक कफाचे स्थान कोरडे पडले की दुर्गंध व जंतुसंसर्ग वाढतात. गंडूष-कवल आपल्याला प्रिय असले तरी गिळण्याची क्रिया असुरक्षित असलेल्या रुग्णाला ते देऊ नयेत, कारण द्रव श्वासमार्गात जाऊ शकतो. मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने मुख पुसावे. तिखट, क्षारीय किंवा कषाय द्रव्ये मुखपाकात टाळावीत.

तज्ज्ञाने परवानगी दिली असेल, तर दररोज थोडे पाणी किंवा मऊ घास गिळण्याचा सराव चालू ठेवावा. गिळण्याचे स्नायू अनेक आठवडे निष्क्रिय राहिले तर उपचार संपल्यावरही नळी सुटत नाही. तोंडाने पुरेसा आहार जाऊ लागला आणि वजन स्थिर राहिले, की नळी काढण्याचा निर्णय रुग्णालय घेते. तोपर्यंत आठवड्यातून एकदा आपल्या चिकित्सालयातील काट्यावर रुग्णाचे वजन करून त्याच्या कागदावर लिहून द्यावे. पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टर सर्वप्रथम तोच आकडा पाहतात.