जुनी विमाने पाहायला निघताय? फुलचूरहून किती खर्च, कुठे फसाल

डाकोटा किंवा टायगर मॉथ हवेत उडताना पाहायचे असेल, तर विमान पाहण्यासाठी बहुधा एक रुपयाही लागत नाही. पैसे जातात रेल्वेवर, ऑटोवर, खोलीवर. आणि सावध नसाल तर ‘पास मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या खिशात.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत जुन्या विमानांचे मालक आपापली विमाने घेऊन माळावर जमतात, तंबू ठोकतात, इंजिने उघडून दाखवतात. तसा क्लब तुम्हाला गोंदियात, नागपुरात किंवा मुंबईत मिळणार नाही. भारतात उडत्या स्थितीतली जुनी विमाने मुख्यतः हवाई दलाच्या ‘विंटेज फ्लाइट’कडे आहेत : टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा. मुक्काम दिल्लीशेजारच्या हिंडनला. म्हणून हौशी लोक जमतात ते ही विमाने जिथे उडणार असतील तिथे. बाकीची जुनी विमाने संग्रहालयात उभी आहेत. ती पाहायला तारीख लागत नाही, फक्त सुटीचा वार टाळावा लागतो.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळापासून सुरुवात करू, कारण फुलचूरमध्ये पहिला प्रश्न तोच येतो. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली असली तरी तिथे जुने विमान ठेवलेले नाही. दिवसभर डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी विमाने वैमानिक प्रशिक्षण संस्थेची, डायमंड कंपनीची, आधुनिक आहेत. ‘ओळख आहे, एक चक्कर मारून आणतो’ असे कोणी म्हणाले तर पैसे काढू नका. प्रशिक्षणाच्या विमानात भाडे घेऊन प्रवासी बसवता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) वेगळा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागा, विषय तिथेच संपेल. कुंपणाला कॅमेरा लावून उभे राहू नका, सुरक्षा रक्षक हटकतील आणि त्यांचे चुकणार नाही. ड्रोनचा तर विचारच सोडा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल क्षेत्र असते. तुमचे शेत किंवा गच्ची कुठल्या क्षेत्रात येते ते सरकारी ड्रोन नकाशावर पाहूनच यंत्र उडवा.

सर्वात जवळचा मेळा नागपूरचा. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरला आहे आणि तिथे ‘एअर फेस्ट’ भरतो. 2022 मध्ये तो 19 नोव्हेंबरला झाला. तो दरवर्षी ठरलेला नसतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागपूरच्या वर्तमानपत्रांवर नजर ठेवा. प्रवेशाची पद्धत त्या त्या वर्षी जाहीर होते. मुलांच्या शाळेत एकदा विचारून ठेवा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे आधार किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात न्या. मोबाइलमधला फोटो फाटकावर चालेलच असे नाही. मोठ्या बॅगा नेऊ नका.

गोंदिया ते नागपूर 130 किलोमीटर, सुमारे दोन तास. जनरलचे भाडे माणशी शंभराच्या आत. इथे एक छुपा फटका बसतो. पॅसेंजर किंवा मेमूचे साधे तिकीट काढून सुपरफास्टमध्ये चढलात, तर फरकाच्या रकमेवर दंड लागतो आणि तो कमीत कमी 250 रुपये असतो. पंधरा रुपयांचा सुपरफास्ट अधिभार वाचवायला जाऊन हे ओढवून घेऊ नका. नागपूर स्टेशनपासून वायुसेनानगर लांब आहे. कार्यक्रमाच्या दिवशी रस्ते वळवलेले असतात आणि ऑटोवाले परतीचे भाडे मनाला येईल ते सांगतात. जाताना मीटर किंवा ॲप आणि परतताना दोन कुटुंबांत एक गाडी, हेच परवडते. चौघांचा दिवस जेवणासह दीड ते दोन हजारांत बसतो.

आता खरी विंटेज विमाने. हवाई दल दिन 8 ऑक्टोबरला असतो आणि त्याआधी रंगीत तालीम होते. मात्र ठिकाण बदलते : 2022 ला चंदीगड, 2023 ला प्रयागराज, 2024 ला चेन्नई. म्हणून ठिकाण जाहीर होण्याआधी खोलीचे आगाऊ पैसे भरू नका. तळाच्या आतल्या कार्यक्रमाला निमंत्रण लागते आणि निमंत्रण विकत मिळत नाही. पाचशे-हजारात ‘व्हीआयपी पास’ देणारा माणूस ओळखीचा असला तरी पाठ फिरवा. विमाने आभाळात असतात, ती बाहेरूनही दिसतात.

फुकट कार्यक्रमाची किंमत गर्दीत मोजावी लागते. 2024 ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो लोक भर उन्हात तासन्‌तास उभे होते. त्या दिवशी पाच जणांचा जीव गेला. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, ओआरएसची पाकिटे घ्या. वृद्ध आणि लहान मुलांना अशा मोकळ्या किनाऱ्यावर नेऊ नका. विमाने निघून गेल्यावर लगेच स्टेशनकडे धावू नका, तासभर सावलीत बसा. चेंगराचेंगरीचा धोका परतीच्या वाटेवरच जास्त असतो.

ठरलेल्या दिवसाची कटकट नको असेल तर दिल्लीचे पालम गाठा. हवाई दलाच्या संग्रहालयात वापिटी, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर अशी विमाने एका छपराखाली आहेत. यातले वापिटी हे जगात शिल्लक राहिलेले एकमेव समजले जाते. कापड आणि तारांनी बांधलेले दुपंखी विमान हातभर अंतरावरून पाहिले की प्रवासाचे पैसे वसूल. सोमवार-मंगळवार बंद, म्हणून बुधवार ते रविवार यांतला दिवस धरा. गोंदियाहून समता, गोंडवाना, छत्तीसगड या गाड्या दिल्लीकडे जातात. स्लीपरला एका बाजूचे सहाशेच्या आसपास, थर्ड एसीला दीड हजाराच्या पुढे धरा. दिल्लीत संग्रहालयापुरतेच जायचे असेल तर दोन रात्री पुरे.

पण पैशांचा विचार केला तर माझे मत विशाखापट्टणमला. गोंदियाकराला मुंबई-गोव्यापेक्षा ते सोपे आहे, कारण समता एक्स्प्रेस इथून थेट जाते. आरके बीचवर नौदलाचे टीयू-142 हे अजस्र टेहळणी विमान उभे आहे. 1988 ते 2017 सेवा करून निवृत्त झालेले, म्हणजे काटेकोर अर्थाने विंटेज नव्हे. पण आत शिरता येते, आणि मुलांना तेच हवे असते. इंजिनाखाली थांबून वर पाहा. प्रत्येक इंजिनावर एकामागे एक असे दोन पंखे आहेत, आणि उड्डाणात ते उलटसुलट दिशांना फिरत. एकूण चार इंजिने. आतला बोळ अरुंद आहे आणि चढायला पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांना बाहेरूनच दाखवा. समोरच आयएनएस कुरसुरा पाणबुडीचे संग्रहालय आहे. दोन्ही सोमवारी बंद. टीयू-142 एरवी दुपारी उघडते आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरही चालू असते, रविवारी सकाळपासून.

समताचे आरक्षण करताना दोन गोष्टी पाहा. गाडी रोज नसते. शिवाय विशाखापट्टणमकडे जाणारी गाडी गोंदियाला मध्यरात्रीच्या आगेमागे येते, म्हणून तिकिटावरची तारीख कोणत्या रात्रीची आहे हे दोनदा वाचा. या घोळात दरवर्षी कित्येक तिकिटे वाया जातात आणि त्याचा परतावा नाही. फुलचूर नाक्यावरून रात्री ऑटो मिळवणे हा वेगळा खर्च. संध्याकाळीच ओळखीच्या ऑटोवाल्याशी भाडे ठरवून त्याचा नंबर घ्या. चौघांचा अंदाज असा : स्लीपरने जाणे-येणे साडेतीन हजार, एका रात्रीची खोली दोन हजार, तिकिटे चारशे-पाचशे, ऑटो आठशे, जेवणखाण अडीच-तीन हजार. दहा हजारांत होते.

मुलांच्या तिकिटाचा नियम इथेच सांगतो. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. पाच ते बारापर्यंत बर्थ नको असेल तर अर्धे, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे. ‘हाफ’ म्हणून बर्थ मिळेल या भरवशावर रात्रीचा प्रवास करू नका. आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे भरलेत तर सुविधा शुल्क स्लीपरला 10 आणि एसीला 20 रुपये अधिक जीएसटी. कार्डाने 15 आणि 30. एजंटाकडून काढलेत तर छापील पावती मागा. ‘तत्काळ कन्फर्म करून देतो, वर तीनशे’ हा धंदा बेकायदा आहे आणि बनावट नावाने काढलेल्या तिकिटावर तुम्हीच गाडीतून उतरवले जाता.

गोवा करायचेच असेल तर तयारीनिशी करा. बोगमाळो रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय 1998 पासून आहे. उघड्या मैदानात सी हॉक, पंख दुमडलेले अलिझे, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे सीलँड उभे आहेत. सर्वांत मोठे आहे तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन. एके काळी ते एअर इंडियाचे प्रवासी विमान होते, पुढे हवाई दलात आणि मग नौदलात गेले. सोमवारी बंद. दुपारी बारा ते तीन मैदान तापलेले असते, सकाळी साडेनऊ-दहालाच पोहोचा.

गोव्यात पैसे जातात ते चुकीच्या ठिकाणी उतरल्याने. विमानाने जाणार असाल तर दाबोळी निवडा. संग्रहालय तिथून अगदी जवळ आहे. मोपा उत्तर टोकाला आहे. तिकीट सातशे रुपयांनी स्वस्त दिसते आणि टॅक्सी दोन हजारांच्या पुढे जाते. रेल्वेने मडगावला उतरलात तर वास्कोची बस, तिथून पुढची बस किंवा रिक्षा. मडगावहून थेट टॅक्सी केलीत तर हजाराच्या पुढे.

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला सकाळी पोहोचता. सकाळची मांडवी पकडायचा बेत करू नका, विदर्भ थोडी जरी लेट झाली तरी चुकते. रात्री अकराच्या सुमाराची कोकणकन्या काढा. मधला दिवस वाया जात नाही, कारण वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात भारतात विकसित झालेले पहिले लढाऊ जेट एचएफ-24 मरुत उभे आहे. पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्टेशनवरून जाता येते. माणशी शंभर रुपये धरा. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचे असेल तर बॅगेला कुलूप हवे आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. चेन नसलेली पिशवी घेत नाहीत.

बंगळूरचा एअरो इंडिया मेळा विषम वर्षी फेब्रुवारीत येलहंकाला भरतो. 2025 ला सामान्य प्रवेश 2500 आणि फक्त उड्डाणे पाहण्याच्या जागेचे तिकीट 1000 रुपये होते. तिथे जोर नव्या विमानांवर असतो. जुन्यांसाठी तेवढे पैसे घालू नका.

तुमचा भाऊ किंवा मुलगी शिकागोच्या बाजूला असेल तर गोष्ट वेगळी. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकोशला दरवर्षी जुलैअखेर आठवडाभर जगातला सर्वात मोठा मेळा भरतो आणि जुन्या विमानांच्या क्लबांना तिथे स्वतंत्र मैदान असते. शिकागोहून मोटारीने तीन तास. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत. मोठ्यांना आयोजक संस्थेचे सभासद होऊन तिकीट काढले तर दर कमी. एकाच दिवसासाठी जात असाल तर सभासद फीचा हिशेब आधी मांडा, कधी कधी उलटा पडतो.

कागदपत्रे : पासपोर्ट (साधा 1500, तत्काळ 3500 रुपये, तुमचे कार्यालय नागपूर), डीएस-160 अर्ज, व्हिसाचे 185 डॉलर. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत नाहीत. वर 250 डॉलरच्या नव्या शुल्काचा कायदा अमेरिकेने 2025 ला केला आहे. अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावरचा आकडाच खरा माना. बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणजे मुंबईत किमान एक मुक्काम. मेळ्याच्या आठवड्यात ऑशकोशची हॉटेले अव्वाच्या सव्वा होतात. विद्यापीठाची वसतिगृहे भाड्याने मिळतात, ती आधी पाहा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलेत तर टीसीएस हा कर आगाऊ आकारला जातो; तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरून वळता करून घ्या.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाला जायचे असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिकीट काढावे लागते. तोपर्यंत ठिकाण जाहीर झालेले नसेल तर अंदाजाच्या ठिकाणाचे, तेही स्लीपरचेच काढा. बरेच दिवस आधी रद्द केले तर माणशी 120 रुपयांवर भागते, थर्ड एसीला 180 अधिक जीएसटी.