महार रेजिमेंटचे चिन्ह : एक अभ्यास

सैनिकाच्या टोपीवरील चिन्ह म्हणजे त्याच्या पलटणीचा थोडक्यात मांडलेला इतिहास होय. महार रेजिमेंटच्या आजच्या चिन्हात तिपाईवरील दोन व्हिकर्स मशीनगन व खंजीर दिसतो. 'यश सिद्धी' हे तिचे ब्रीद आहे. मूळ चिन्हात मात्र भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटनच्या सुमारे ८०० सैनिकांनी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर तोंड दिले. कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारला. त्यावर कोरलेल्या नावांत २२ नावे महार सैनिकांची आहेत. नावाअखेरच्या 'नाक' या शब्दावरून ती ओळखता येतात.

परंतु ज्या सरकारने नावे कोरली, त्याच सरकारने १८९० नंतर 'लढाऊ जाती'चे तत्त्व पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली! सैन्यातील नोकरी म्हणजे पगार, पेन्शन व मुलांचे शिक्षण. हे सारे एका हुकुमाने गेले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही भरतीची मागणी केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सुभेदार रामजींचे पुत्र. १ जानेवारी १९२७ रोजी त्यांनी स्तंभास भेट दिली. पुढे त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन स्थापन झाली. दुसरी १९४२ मध्ये आपल्या विदर्भातील कामठीस उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा चिन्हात मशीनगन आल्या. पुढे स्तंभाची जागा खंजिराने घेतली.

आज या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांचे जवान आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

यावरून आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, पराक्रमाने मिळालेला मानही संघटना नसेल तर हिरावला जातो. स्तंभ टोपीवरून गेला, तो अभ्यासातून जाऊ नये. मेहकर, चिखली, मलकापूरकडील ज्या घरांत जुनी पदके, पेन्शनचे कागद असतील, ते विद्यार्थ्यांनी पाहावेत, उतरवून ठेवावेत. आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे.

जयभीम!