दोन पानांचं वाचनही वाचनच

प्रश्न : बाळंतपणात सुटलेलं मराठीचं एम.ए. पुन्हा सुरू केलंय. मुलगा दीड वर्षाचा आहे. पूर्वी एका बैठकीत कादंबरी संपवायची. आता दोन पानांत तो उठतो. ‘श्यामची आई’ वाचताना तर डोळेच भरून येतात, टिपणं राहून जातात. असलं वाचन अभ्यासाच्या कामाचं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नक्कीच कामाचं. एका बैठकीत होतं तेच खरं वाचन, हा समज आधी सोडा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची मांडणीच रात्रींची आहे, एकूण ४२. रोज एक रात्र वाचा. अंगाई झाल्यावर तेवढं जमतं.

रडू आल्याने अभ्यास बिघडत नाही. कॉलेजात मी श्यामच्या बाजूने वाचत होते. मुलगी झाल्यावर लक्ष आईच्या आजारपणाकडे, घरावरच्या कर्जाकडे जाऊ लागलं. डोळे भरतील त्या ओळीपाशी पेन्सिलीने खूण करा, समासात एखादा शब्द लिहा. माझ्या प्रतीत अशा एका खुणेशेजारी वरणाचा पिवळा डाग आहे. ते पान आजही चटकन सापडतं. मात्र उत्तरपत्रिकेत नुसतं ‘हृदयस्पर्शी’ लिहून भागत नाही. लेखकाने ते कशातून साधलं, हे दाखवावं लागतं. तिथे ती खूण कामी येते.

पहाटे तीनला उठून वाचायचा हट्ट करू नका, झोप मोडली की वाचलेलं टिकत नाही. रविवारी दोन तास बाळाला बाबांकडे द्या आणि दार लावून बसा.